बेकारांचा आकडा आणि मंगळवारचं गवत

न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आम्ही घर घेतलं त्याच्या पुढच्या वर्षी मला वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात नोकरी लागली. काम असं होतं: गेल्या आठवड्यात देशात किती लोकांनी नव्याने बेकारी भत्ता घ्यायला सुरुवात केली, तो आकडा दर आठवड्याच्या सुरुवातीला माझ्याकडे यायचा. त्याचा मी आलेख काढायचा आणि आलेखाखाली एक वाक्य लिहायचं. आलेख हातातला चहा गार व्हायच्या आत तयार व्हायचा. वाक्याला दुपार उजाडायची.

कारण वरच्या मजल्यावरच्या लोकांना आकड्यापेक्षा कारण हवं असायचं. वाढला तर का वाढला आणि उतरला तर का उतरला. खरं उत्तर बहुतेक आठवड्यांत एकच होतं: विशेष काही कारण नाही. असे आकडे थोडे खाली-वर होतच असतात, माणसाच्या वजनासारखे. हे मी एकदा सरळ लिहून पाठवलं, तर माझे साहेब तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. साहेब म्हणजे पूर्वी रग्बी खेळलेले आणि आता गुडघ्यांमुळे फक्त बघणारे एक धिप्पाड गृहस्थ. कुणाचंही मन दुखवायचं नाही, हा त्यांचा बाणा. ते इथल्या रीतीने हो आणि नाही एका दमात म्हणाले, "येह, नाह. तुझं बरोबरच आहे. पण मंत्र्यांच्या ऑफिसात 'काही कारण नाही' असं पाठवता येत नाही. काहीतरी बघ ना."

"काहीतरी म्हणजे?"

"ईस्टर वगैरे."

मग मी ईस्टर लिहायला शिकले. ईस्टर नसेल तर शाळांची सुट्टी. तीही नसेल तर कॉलेजं सुटली, किवीफळांचा हंगाम संपला, मांसाचे कारखाने हिवाळ्यापुरते बंद झाले, पाऊस फार झाला, पाऊस झालाच नाही. एका आठवड्यात काहीच सापडेना, तेव्हा मी 'सोमवारच्या सुट्टीमुळे कामाचे दिवस कमी' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात आकडा उलट दिशेला गेला, तेव्हा 'मागील सोमवारच्या सुट्टीचा परिणाम ओसरला' असं लिहिलं. साहेब म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. अशा रीतीने एका सुट्टीवर मी दोन आठवडे काढले.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना २०१४ च्या मार्चअखेर पुण्याहून बाबा राहायला आले. एकटेच. आईलाही बोलावलं होतं, पण ती म्हणाली, "हे रिटायर झाल्यापासून अष्टौप्रहर घरात आहेत. सहा महिने ते तिकडे आणि मी इकडे, याच्याहून चांगली सुट्टी मला कुठे मिळणार आहे?"

बाबांची सगळी नोकरी पुण्यातल्या जकात नाक्यांवर गेली. शहरात येणारा ट्रक थांबवायचा, आत काय आहे ते विचारायचं, आणि ड्रायव्हर जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. निवृत्तीनंतर ट्रक गेले, पण विचारायची सवय राहिली. समोर येणाऱ्या प्रत्येक माणसात काहीतरी माल भरलेला आहे आणि तो आपल्यापासून लपवतोय, अशा नजरेने ते बघत. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझं काम नक्की काय आहे? ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना तू नोकऱ्या देतेस?"

"नाही बाबा, ते दुसरे लोक करतात."

"मग भत्ता देतेस."

"तेही दुसरे."

"मग तू?"

"मी मोजते."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "मोजणं वाईट नाही," ते म्हणाले. "आम्हीही मोजायचो. पण मोजून झालं की आम्ही पावती फाडायचो. तू काय फाडतेस?"

मी म्हटलं, मी एक वाक्य लिहिते. त्यावर त्यांनी मान डोलावली. पण त्या दिवशी फोनवर त्यांनी आईला जे सांगितलं ते मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं: "तिचं सगळं ठीक आहे. बेकारांच्या खात्यात आहे."

या एका वाक्याने पुण्यात काय केलं, ते आम्हाला नंतर कळलं. आईने ते वाक्य जसंच्या तसं मावशीला सांगितलं. मावशीला कानाने थोडं कमी ऐकू येतं. पुढच्या शनिवारी मावशीचा नाशिकहून फोन. आवाज एकदम खालच्या पट्टीत.

"कशी आहेस गं?"

"मजेत. तू कशी आहेस?"

"असंच हसत राहायचं," मावशी म्हणाली. "जावयांची नोकरी आहे ना अजून? मग झालं तर. एकाची गेली तरी संसार चालतो."

मी तिला समजावलं की माझी नोकरी गेलेली नाही, ज्यांची गेलेली आहे त्यांच्या खात्यात मी आहे. मावशी म्हणाली, "तेच म्हणतेय मी." मग तिने मला रोज सकाळी म्हणायला एक स्तोत्र सांगितलं आणि ते म्हटल्यावर तिच्या दिराच्या मुलाला बँकेतून कसं बोलावणं आलं तेही सांगितलं. दोन दिवसांत ती बातमी नाशिकहून पुण्यात परत पोचली आणि आईचा फोन आला. ती मात्र खालच्या पट्टीत नव्हती.

"तुझी नोकरी गेली, आणि मला ते भाजीवालीकडून कळतं?"

नवरा शेजारीच लॅपटॉप घेऊन बसला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि घरातल्या वादांत तटस्थ राहणं हे त्याचं दुसरं पूर्णवेळ काम आहे. तो म्हणाला, "आता खरंच नोकरी गेली तरी सांगायचं टेन्शन नाही. सगळ्यांना आधीच माहीत आहे."

आम्ही दोघं सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला जायचो. दिवसभर बाबा एकटे. पहिल्या आठवड्यात त्यांनी टीव्ही बघितला. दुसऱ्या आठवड्यात ते फिरायला बाहेर पडले. आमचा रस्ता तसा सामसूम. बैठी लाकडी घरं, पुढे थोडी हिरवळ, मागे डोंगर. पुण्याच्या माणसाला असल्या रस्त्यावर आधी वाटतं की आज बंद आहे. पण बाबांना त्या शांततेत एक आवाज ऐकू आला, आणि त्यांनी त्याचा माग काढला. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर ते दारातच उभे.

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मंगळवारी सकाळी कामाच्या वेळी धडधाकट माणसं घरापुढचं गवत कापतायत. एक नाही, बरीच. कळलं का?"

"काय कळायचंय?"

"ती तुझी माणसं आहेत."

त्यांचं म्हणणं असं होतं की नोकरीवाला माणूस गवत शनिवारी कापतो. जो मंगळवारी कापतो त्याला नोकरी नाही. म्हणजे मंगळवारची मशिनं मोजली की तुझा आकडा मिळाला. मी त्यांना समजावलं की आमचा एक रस्ता म्हणजे न्यूझीलंड नव्हे. ते म्हणाले, "एका नाक्यावरून सगळ्या बाजाराचा अंदाज यायचा आम्हाला. दिवाळीआधी तेलाचे डबे किती आले, त्यावरून कळायचं यंदा चकल्या कशा होणार."

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तेव्हा ते म्हणाले, "आकडा वाढला ना?"

तो वाढला होता. पण आमचे साप्ताहिक आकडे जाहीर होईपर्यंत घरातसुद्धा बोलायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, "बाबा, मला सांगता येणार नाही."

"समजलं," ते म्हणाले आणि समाधानाने बाहेर जाऊन बसले.

त्याच्या पुढच्या वेळी मी चेहरा कोरा ठेवून आले. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "या वेळी उतरला." तोही उतरला होता. मग मी ट्रेनमधून उतरल्यावर घरी येईपर्यंत मुद्दाम दुसरंच काहीतरी मनात आणू लागले, वांग्याचं भरीत वगैरे. काही उपयोग झाला नाही. बाबा नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, वांग्याचा ट्रक घेऊन येणारे ड्रायव्हरसुद्धा असाच चेहरा करायचे."

नवरा मला म्हणाला, "तुझ्या साहेबांना सांग, बाबांना सल्लागार म्हणून घ्या. वाक्यात सरळ लिहायचं, 'लोअर हटमध्ये मंगळवारी गवत जास्त कापलं गेलं.'"

मला खरं सांगायचं तर त्या महिन्यात माझ्या ईस्टरपेक्षा त्यांचं गवत बरं चाललं होतं.

पण नुसतं मोजून बाबांचं समाधान होईना. नाक्यावर ट्रक बघून अंदाज करता येतो, पण ताडपत्री उघडल्याशिवाय नोंद करत नाहीत. एका सकाळी ते तपासणीला निघाले. पहिलं घर आमच्यापासून चार घरं सोडून. तिथे एक मध्यमवयीन बाई गवत कापत होत्या. त्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या नर्स होत्या, ड्युटी संपवून आल्या होत्या आणि एवढं गवत कापून झोपणार होत्या. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कुंपणाशी उभे राहिले आणि त्यांच्या कचेरीच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल मला अतिशय वाईट वाटतं."

नर्सबाईंना वाटलं, मशिनच्या आवाजाबद्दल तक्रार आहे. त्यांनी मशिन बंद केलं आणि माफी मागितली.

"नाही, नाही, तुमची काही चूक नाही," बाबा म्हणाले. "ही वेळ कुणावरही येते."

बाईंनी पुन्हा माफी मागितली आणि अर्धवट कापलेलं गवत तसंच टाकून त्या आत गेल्या. हे मला कसं कळलं, तर रविवारी त्या आमच्याकडे एक केक घेऊन आल्या. आपल्या मशिनमुळे म्हाताऱ्या गृहस्थांना त्रास झाला, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. सगळा उलगडा झाल्यावर त्या सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाबांनी केक खाल्ला आणि आपल्या मोजणीतून एक वजा केला.

दुसऱ्या घरचा माणूस निवृत्त होता, तोही वजा. तिसऱ्या घरच्याने रजा काढली होती. चौथं घर रस्ता वळतो तिथलं. तिथे भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून एक आडव्या बांध्याचे, पन्नाशीचे माओरी गृहस्थ गवत कापत होते. बाबा आता सावध झाले होते. त्यांनी सहानुभूती मागे ठेवली आणि आधी प्रश्न पुढे केला.

"तुम्हाला नोकरी आहे का?"

त्या गृहस्थांनी मशिन बंद केलं. "होती," ते म्हणाले. "तुमच्याकडे आहे का एखादी?"

बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्या मेहनतीनंतर त्यांना एक खराखुरा बेकार माणूस सापडला होता.

ते गृहस्थ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखाना उचलून ऑकलंडला नेला. यांनाही चला म्हणाले होते, पण यांची म्हातारी आई इथे, बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, म्हणून हे राहिले. बाबांना हुद्द्याचं महत्त्व फार. त्या दिवसापासून ते त्यांना 'फोरमनसाहेब' म्हणू लागले. समोरासमोर म्हणत, "मिस्टर फोरमन." ते बाबांना 'मेट' म्हणत. बाबांनी मला विचारलं, हे मेट म्हणजे काय, आमच्या वेळी मुकादमाला म्हणायचे. मी म्हटलं, मेट म्हणजे दोस्त, इथे सगळ्यांनाच म्हणतात. त्यांना ते जरा कमी वाटलं.

शनिवारी बाबांनी त्यांना पोह्यांना बोलावलं. माझी थोडी पंचाईत झाली. वर्षभर मी ज्या लोकांचे आलेख काढत होते, त्यांतलं कुणी आमच्या टेबलाशी बसून माझ्या हातचं काही खाईल असं मनात आलं नव्हतं. फोरमननी दोनदा पोहे घेतले, मिरच्या बाजूला काढल्या, आणि बाबांनी माझं काम काय आहे ते त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या आलेखात आहे?"

"असाल," मी म्हटलं.

"बघू तरी. माझा फोटो आजवर कुठे छापून आला नाही."

जुने आठवडे जाहीर झालेले होते, ते दाखवायला हरकत नव्हती. मी लॅपटॉप उघडला. फोरमननी आपली नोकरी कुठल्या आठवड्यात गेली ते सांगितलं. मी बोट ठेवलं. रेघ तिथे खाली उतरत होती.

"इथे तर लोक कमी झालेत," ते म्हणाले.

"हो, एकूण कमी झाले."

"मी वाढलो होतो."

खाली वाक्यही होतं. माझंच. फळबागांत हंगामी कामगारांना चांगली मागणी असल्याचं त्यात लिहिलं होतं. फोरमननी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "छान. त्यांचं चांगलं झालं." त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच मला कुठे बघावं कळेना.

मग माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, "तुमची मिसेस नोकरी करते ना? तुम्हाला भत्ता मिळतो का?"

"नाही. अर्ज केला होता. बायकोचा पगार आहे म्हणून बसत नाही म्हणाले."

"मग तुम्ही या आलेखात नाही," मी म्हटलं. "आम्ही भत्ता घेणारे मोजतो. तुम्ही घेत नाही."

फोरमननी यावर विचार केला. "म्हणजे सरकारच्या हिशेबाने मी बेकार नाही."

"आमच्या या आकड्यात तरी नाही. वेगळी एक पाहणी असते, त्यात कदाचित..."

"बायकोला सांगतो," ते म्हणाले. "तिला बरं वाटेल."

बाबांना हे भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्यांना बरोबर कळलं होतं. ते मराठीत माझ्यावर घसरले. "अगं, समोर बसलाय माणूस. पोहे खातोय. आणि तू म्हणतेस मोजला नाही? मी मोजलाय त्याला."

"तुम्ही नर्सबाईंनाही मोजलं होतं, बाबा."

"वजा केली मी तिला. तू याला मिळवणार आहेस का?"

मी लॅपटॉप मिटला. फोरमननी नवऱ्याला विचारलं, काय चाललंय? नवरा म्हणाला, "आकडेवारी."

त्या दिवसापासून फोरमनसाहेबांना नोकरी लावून देणं ही बाबांनी आपली जबाबदारी मानली. इंटरव्ह्यूची तयारी आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. बाबा अधिकारी व्हायचे, फोरमन उमेदवार, आणि मी मध्ये बसून एकाचं पुणेरी इंग्रजी दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं किवी इंग्रजी पहिल्याला समजावून सांगायची. दोघंही इंग्रजीच बोलत होते, हे मला रोज स्वतःला सांगावं लागे.

मुख्य अडचण भाषेची नव्हती. फोरमनना स्वतःबद्दल चांगलं बोलता येत नव्हतं. इकडच्या पुष्कळ माणसांना येत नाही. बाबा विचारत, "तुम्ही फोरमन म्हणून कसे होता?"

"येह, ठीक होतो."

"ठीक? एवढी वर्षं एक कारखाना चालवला, आणि ठीक?"

"लोक चांगले होते. मी नुसता उभा असायचो."

बाबांनी कपाळाला हात लावला. "त्याला सांग, मी या खोऱ्यातला सगळ्यात उत्तम फोरमन आहे, असं म्हण." मी सांगितलं. फोरमन लाजून इतके लाल झाले की मला त्यांची काळजी वाटली. "ते नाही म्हणता येणार, मेट," ते म्हणाले. "आई ऐकेल."

"आई तिथे कशी असेल?"

"ती नसते, पण तिला कळतं."

तरी बाबांनी त्यांच्याकडून ते घोकून घेतलं. एका सुपरमार्केटच्या गोदामात सुपरवायझरची जागा होती. इंटरव्ह्यूच्या सकाळी बाबांनी त्यांना रस्त्यात गाठून हातावर दही-साखर ठेवली. फोरमननी ती आदराने खाल्ली आणि सगळं नीट ध्यानात ठेवून गेले. तिथे त्यांनी म्हटलं, "मी हट व्हॅलीतला सगळ्यात उत्तम फोरमन आहे." म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. समोरचे लोकही हसले. मग फोरमनना हसू आवरेना, आणि उरलेल्या इंटरव्ह्यूत ते दोन-तीनदा खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन आले. ती नोकरी मिळाली नाही.

बाबा हिरमुसले. त्यातच जुलै उजाडला, आणि त्यांच्या गवताच्या शास्त्रालाही उतरती कळा लागली. थंडीने गवत वाढायचं थांबलं. रस्त्यावर एकही मशिन सुरू होईना. बाबांनी जाहीर केलं की आकडा साफ कोसळणार. त्या आठवड्यात तो चांगलाच चढला. मी घरी आले, बाबांनी चेहरा बघितला आणि मग खिडकीतून बाहेरच्या गवताकडे बघितलं.

"हंगाम असतो, बाबा," मी म्हटलं. "आम्हीसुद्धा तो काढून टाकून बघतो."

"गवताचा हंगाम मी कसा काढणार?"

"नाही काढता येणार."

"तू काय लिहिलंस कारण?"

"मांसाचे कारखाने बंद."

"खरं आहे ते?"

"थोडंफार असेल."

"म्हणजे तुझंही गवतच," बाबा म्हणाले आणि त्यांनी मंगळवारची मोजणी बंद केली.

ऑगस्टमध्ये फोरमनना दुसरा इंटरव्ह्यू आला. गावाच्या कचरा डेपोच्या फाटकावरची नोकरी होती. लोक ट्रेलरमधून बागेतला कचरा, जुनं फर्निचर, घर पाडल्याचा राडारोडा घेऊन येतात. प्रत्येकाचा दर वेगळा. फाटकावरच्या माणसाने गाडी थांबवायची, आत काय आहे ते विचारायचं आणि दर लावायचा. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीतून उठले. मी सांगते ते अतिशयोक्ती वाटेल, पण त्यांनी कपडे बदलले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मगच शिकवायला बसले.

या वेळी स्वतःची स्तुती करायचा विषयच निघाला नाही. बाबा ट्रेलर घेऊन येणारा माणूस झाले आणि फोरमन फाटकावर उभे राहिले. बाबा म्हणत, नुसतं गवत आहे. फोरमन म्हणत, ठीक आहे, जा. "नाही," बाबा म्हणत. "तो बोलतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, टायरकडे बघायचं. गवताने टायर बसतात का?" असं दोन संध्याकाळी चाललं. फोरमननाही ते आवडू लागलं. नवरा खोटं बोलण्यात कच्चा निघाला, म्हणून त्याला ट्रेलरवाला करायचं बंद केलं. मी बरी निघाले. आकड्यांची सवय, बाबा म्हणाले.

फोरमननी इंटरव्ह्यूत 'येह, ठीक' एवढंच स्वतःबद्दल सांगितलं आणि बाकी वेळ टायरबद्दल बोलले. नोकरी लागली. सांगायला आले तेव्हा आमच्याकडे कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. फोरमन दारात उभे राहून म्हणाले, "सोमवारपासून." बाबा म्हणाले, "सकाळी लवकर जा. माल सकाळी येतो."

बाबांना एकदा ते फाटक बघायचं होतं. एका शनिवारी नवऱ्याने त्यांना गाडीतून नेलं. सुरक्षेच्या नियमामुळे फोरमननी त्यांना नारिंगी जाकीट घालायला दिलं आणि आपल्या टपरीत बसवलं. थोडा वेळ ते शांत बसले. मग एक चकचकीत गाडी आली, आणि आतल्या माणसाने सांगितलं की फक्त झाडाच्या फांद्या आहेत. बाबा टपरीतून बाहेर आले आणि म्हणाले, "डिकी उघडा." त्या माणसाला शब्द कळला नाही, पण सूर कळला. त्याने उघडली. आत रंगाचे डबे होते. फोरमन त्या माणसाला म्हणाले, "सॉरी मेट, हे माझे ट्रेनर आहेत."

बाबा सप्टेंबरअखेर परत जायचे होते. त्याआधीच्या रविवारी फोरमनच्या घरून जेवणाचं आमंत्रण आलं. त्यांनी परसात खड्डा खणून हांगी लावली होती. तापलेले दगड, त्यावर टोपल्या, वर ओली पोती, वर माती. बाबा शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी शेजारी एक वेगळा लहान खड्डा होता. त्यात भोपळा, रताळी, बटाटे आणि कोबीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. फोरमनची बायको मला म्हणाली, "दगडसुद्धा वेगळे घेतलेत. हा दोन दिवस मला सांगतोय, दगड वेगळे हवेत." फोरमनची आई, जिला सगळं कळतं म्हणत ती, व्हरांड्यात शाल पांघरून बसली होती. बाबांनी वाकून तिला नमस्कार केला. तिने त्यांचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

माती काढून जेवण वर यायला वेळ होता. फोरमन आणि बाबा खड्ड्याशेजारी खुर्च्या टाकून बसले होते. मी नेहमीसारखी मध्ये. फोरमन मला म्हणाले, "यांना एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी यांनी मला विचारलं ना, नोकरी आहे का म्हणून. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारायचं नाही. सकाळी बायको दवाखान्यात जायची, आणि मला घरात बसवायचं नाही. म्हणून गवत कापायचो. वाढलेलं नसायचं. तरी कापायचो."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. ते खड्ड्यातून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला सांग, रिटायर झाल्यावर मी महिनाभर रोज सकाळी नाक्यावर जायचो. डबा घेऊन. तुझ्या आईला सांगायचो, फिरायला जातो. तिथे चहाच्या टपरीवर बसून ट्रक मोजायचो. पुढे तर जकातच बंद झाली आणि नाकाही गेला."

हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं का, तेही मी कधी विचारलं नाही. मी भाषांतर करायला सुरुवात केली आणि डब्याच्या वाक्याशीच थांबले. फोरमन म्हणाले, "राहू दे. कळलं मला."

तेवढ्यात फोरमनच्या बायकोने जेवणाची हाक मारली. बाबांची टोपली आधी वर काढली. भोपळ्याला धुराचा आणि मातीचा वास होता. बाबांनी एक घास खाल्ला, आणि विचारलं की दगड कुठले, लाकूड कुठलं, भोपळा बाजारातला की घरचा. फोरमन एकेक सांगत गेले. बाबा मान डोलवत ऐकत राहिले, आणि या खेपेला त्यांनी ऐकलेल्या सगळ्यावर विश्वास ठेवला.